मधला माग

अठ्ठ्याहत्तर दिवसांनी शटर वर केलं
तर आधी पाल पडली, मग गंज, मग उजेड.
पाचही मागांवर कापसाची धूळ,
चौथ्यावर चादरीतला मोर
मार्चपासून पिसाऱ्याविना उभा.

साखर पेठेच्या बोळात कुणाची तरी मोटर खोकली
आणि आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो.
मग हसलो. म्हणजे हसलोच असणार,
मास्कच्या वर डोळे बारीक झाले.

मास्क आमच्याच मालाचे.
डागी टॉवेल फाडून सत्तेम्मानं शिवले.
जून महिन्यात, पत्र्याखाली, सोलापुरात
तोंडाला टॉवेल बांधून माग चालवायचा म्हणजे काय
ते कागद काढणाऱ्यानं एकदा येऊन बघावं.

कागद भिंतीवर आहे, मार्कंडेयाच्या फोटोखाली.
निम्मी माणसं. सहा फूट. दारात साबण.
वहीत नाव, वेळ, ताप.
तापाची बंदूक कपाळावर धरली
तर रामुलूनं दोन्ही हात वर केले.
उन्हातून आलेले सगळेच अडतीस निघाले.
लिंबाखाली बसवलं, पाणी पाजलं, पुन्हा मोजलं.

एक गोष्ट कागदात नव्हती.
कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे,
श्वास आत ओढायचा,
धागा बाहेर येतो.
आजोबांनी तेच केलं, बापानं तेच,
रातपाळीच्या तोंडचा धोटा दिवसपाळीच्या तोंडात,
कुणी कधी उष्टं म्हटलं नाही.
हुसेनसाब जॉबरनं सायकलच्या तारांचे आकडे वाकवले,
ज्याचा त्याला एक, सुतळीनं गळ्यात.
म्हणाला, ओठ घरी ठेवून या आता.

तिथंच खरी अडचण झाली.
खडखडाटात आमच्यात कुणी ऐकत नाही,
ओठ वाचतात.
तेलुगू, कन्नड, मराठी,
चहा आला, तार तुटली, पोरीचं जमलं,
सगळं ओठांवरच.
ओठ झाकले आणि एवढ्या आवाजात शेड मुकी झाली.
पहिल्याच दिवशी रामुलूनं कपाळावर हात मारला.
दशरथ माग तसाच टाकून धावत आला,
सहा फुटांवर गचकन थांबला.
कोण गेलं?
कुणी नाही. बीम संपलं होतं.

मग बोटं शिकली.
करंगळी म्हणजे पाणी,
दोन बोटांची कात्री म्हणजे तार,
मालक येतोय यासाठी जी खूण आहे
ती मला अजून कुणी सांगितलेली नाही.
मल्लेशमची खूण ठरली नाही.
तिकडं नुसतं बघितलं तरी कळतं.

पालिकेचा माणूस टेप घेऊन आला.
मापं घेतली, डोकं खाजवलं,
मधला एक बंद ठेवा म्हणाला, तरच अंतर बसतं.
म्हटलं, तो बंदच आहे.
छान, म्हणाला,
आणि टिक केली.

तिसरा माग.
मार्चातल्या त्या संध्याकाळी सगळे घाईनं निघाले,
पोलिसांची गाडी चौकात ओरडत होती,
तरी यानं कांडी बदलली, धागा ओढला, धोटा जागेवर लावला.
उघडलं की सुरू, म्हणाला.
मे महिन्यात सिव्हिलमधून बायकोला फोन केला,
तेव्हाही तेच विचारत होता, उघडलं का.
मीच पुसला तो माग,
धोट्यातून लोंबणारा वीतभर धागा सोडून.

आठवड्यानं मोराला पिसारा आला.
पण माग थांबला होता तिथं
चादरीत आडवी रेघ येते,
धुतली तरी जात नाही.
चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यानं उजेडात धरून बोट ठेवलं,
सॅनिटायझर लावलेलं, ओलं.
डिफेक्ट आहे. पंचवीस कमी होतील.
घेतले.